घाणा आणि धार

भज्यांचा पहिला घाणा उतरला, आतां दुसरा टाका, असें आपल्या स्वयंपाकघरांत सहज बोललें जातें. घाणा म्हणजे एका वेळीं कढईंत मावेल तेवढें. तें तळून निघेपर्यंत पुढच्यानें थांबलें पाहिजे. जात्याची गोष्ट निराळी. वैरण मुठीमुठीनें पडत राहिली कीं पिठाची धार तुटत नाहीं. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांस मोठमोठ्या ग्रंथांतून जो भेद शिकवितात, तो मुळांत एवढाच आहे: माल घाण्याघाण्यानें काढावयाचा कीं धारेनें? सामान्य समजूत अशी कीं घाणा ही मागासलेल्या काळाची रीत आणि धार ही सुधारणेची. यंत्रें आपोआप चालूं लागलीं म्हणजे घाणा नाहींसा होतो. वर्धा जिल्ह्यांतील कापसाचा दीडशें वर्षांचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

वर्धा-नागपूर रस्त्यावर सेलू हें गांव आहे; भोंवतालची काळी जमीन पऱ्हाटीची. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन रुई मिळेनाशी झाली, आणि आपल्या जिल्ह्यांतील हिंगणघाटी कापसाचें नांव विलायतेंतील व्यापाऱ्यांच्या तोंडीं झालें. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. तोंपर्यंत सरकी काढण्याचें काम चरकीवर होई. दोन रुळांमधून कापूस ओढीत बायका दिवस दिवस बसत. रुई सैल बोज्यांत बांधून बैलांच्या पाठीवर घालीत. परंतु आगगाडीच्या डब्यांत सैल रुई भरणें म्हणजे हवेचें भाडें भरणें होय. तेव्हां दाबाचीं यंत्रें आलीं आणि त्यांच्या शेजारीं रेच्यांचे कारखाने उभे राहिले.

या कारखान्यांत दोन्ही रीती एकाच आवारांत नांदत होत्या. फोन्स मॅकार्थी या अमेरिकनानें १८४० सालीं पेटंट घेतलेल्या रेच्यांत चामड्याचा खरबरीत रूळ फिरतो. त्याला एक स्थिर सुरी टेकलेली असते आणि दुसरी सुरी खालींवर हालत राहते. तंतू रुळास धरून पलीकडे जातो. सरकी सुरीशीं अडते, सुटते आणि जाळींतून खालीं पडते. पुढें उभी असलेली बाई कापूस घालीत राहील तोंवर रुईची धार तुटत नाहीं. ही शुद्ध जात्याची रीत. भिंतीपलीकडे, दाबाच्या यंत्रांत, मात्र काम घाण्याचें. पेटींत रुई भरावयाची, माणसांनीं ती तुडवावयाची, दाब द्यावयाचा, लोखंडी पट्ट्या आवळावयाच्या, गासडी बाहेर काढावयाची. मग पुन्हां रिकामी पेटी. आजची गासडी १७० किलोंची. तिला सुमारें पांच क्विंटल कापूस लागतो, कारण कापसाच्या वजनांत रुई एक तृतीयांशाच्या आसपासच भरते. रेच्याच्या धारेला दाबाच्या घाण्यासाठीं थांबावें लागतें, म्हणून मध्यें रुईचा ढीग सांचतो. दाराशीं त्याहून मोठा ढीग कापसाचा असतो. कारण रेचा अष्टौप्रहर चालला तरी पऱ्हाटी वर्षांतून एकदांच बोंडें धरते. शेत हाच सर्वांत मोठा घाणा, आणि त्याला घाई करतां येत नाहीं.

या ढिगांत जें घडतें त्याकडे यंत्रशास्त्राच्या ग्रंथांचें लक्ष कमी जातें. ढीग होण्यापूर्वीं कापूस अमुक एका शेताचा असतो. कोणीं पहांटेच्या दंवांत वेचलेला, कोणीं ऊन चढल्यावर. कोणाचा धागा लांब, कोणाचा आंखूड. एकाच्या घरीं वाळलेलें पान निवडून काढलेलें, दुसऱ्याच्या घरीं तसेंच राहिलेलें. ढिगांतून निघालेल्या धारेला शेत नसतें. नीट वेचणाराचा तोटा आणि निष्काळजी माणसाचा फायदा येथेंच होतो; आणि लबाड व्यापाऱ्यास हलका माल भारी मालांत मिसळावयासही हीच जागा सोयीची. भेसळीची ओरड वाढत गेली. १९२१ सालीं मध्यवर्ती कापूस समिति स्थापन झाली आणि १९२५ सालीं रेच्यांच्या व दाबांच्या कारखान्यांसाठीं कायदा झाला. कोणासाठीं किती कापूस रेचला याची नोंदवही ठेवावी. प्रत्येक गासडीवर कारखान्याची खूण व अनुक्रमांक घालावा. नव्या कारखान्यांत कापूस येण्याची वाट निराळी आणि रुई जाण्याची निराळी असावी. दाबघराची जमीन फरसबंद असावी, अशा त्याच्या अटी होत्या. सगळ्यांत भक्कम पकड कायद्याला मिळाली ती गासडीपाशीं. वाहत्या धारेवर शिक्का कोठें मारणार? धार थांबते, बांधली जाते, तेथेंच तिला नांव देतां येतें. मात्र हें नांव कारखान्याचें. शेतकऱ्याचें नांव गाडी रिकामी झाली तेव्हांच गळून पडलेलें.

रुई गिरणींत गेली कीं हाच वाद सुताच्या रूपानें पुन्हां उभा राहतो. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस गिरणी १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. त्या काळीं मान होता तो ‘म्यूल’ या यंत्राचा. तें तंतू ओढून पीळ देतें, मग थांबतें, आणि मागें येतांना सूत गुंडाळतें. म्हणजे चरख्यावरील हाताचीच लय. ‘रिंग’ यंत्रांत पीळ आणि गुंडाळणें एकाच वेळीं चालतें. टाटांनीं १८८० नंतरच्या दशकांत रिंगचे प्रयोग करून तें स्वीकारलें. लँकेशायर पुढें कित्येक वर्षें म्यूलला धरून राहिलें. त्यास निव्वळ हट्ट म्हणणें अन्यायाचें होईल. म्यूलवर सूत बारीक व मऊ निघे, आणि तें चालविणारे कसबी कामगार तेथें पिढ्यान्‌पिढ्या तयार होते. नागपुरास ते नव्हते. म्हणून तेथें धार लवकर रुजली.

तेलाच्या बाबतींत वर्ध्यानें याच्या उलट दिशेनें विचार केला, हा योग मोठा मौजेचा आहे. अमेरिकेंतील अँडरसननें १९०० सालीं एक्स्पेलरचें पेटंट घेतलें; त्यांत एका तोंडानें बी जातें आणि तेल व पेंड अखंड बाहेर पडतात. ही यंत्रें सर्वत्र पसरत असतांना, १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडींत जे. सी. कुमारप्पांच्या नेतृत्वाखालीं बैलाच्या तेलघाणीवर प्रयोग होऊं लागले. झवेरभाई पटेल यांनीं तिची रचना सुधारली. बी घालावयाचें, पाण्याचा हबका द्यावयाचा, बैल फिरवावयाचा, तेल सुटलें कीं पेंड खरवडून काढावयाची: हा पूर्ण घाणाच. कुमारप्पांचें सगळें अर्थशास्त्र आम्हांस पटतें असें नाहीं. एक्स्पेलरच्या वेगापुढें आणि उताऱ्यापुढें घाणीचा निभाव लागणें कठीणच होतें. तथापि एक गोष्ट घाणीपाशीं होती. ज्याचे तीळ त्याचेंच तेल आणि त्याचीच पेंड. घाणा संपेपर्यंत धनी समोर बसलेला. आज शहरांतील सुशिक्षित कुटुंबें लाकडी घाण्याचें तेल चढ्या भावानें घेतात, तीं बैलावरील प्रेमानें नव्हे (बैलाच्या जागीं बहुधा विजेची मोटार असते), तर बाटलींत काय आहे याची खात्री हवी म्हणून घेतात.

रेच्यांच्या कारखान्यांचें रूप २००० सालीं सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानानंतर पालटलें. नव्या कारखान्यांत कापूस नळांतून हवेनें ओढला जातो, वाटेंत साफ होतो, रेच्यांवर आपोआप पडतो; रुई पट्ट्यावरून थेट दाबाकडे जाते. कापूस घालणारी बाई गेली, रुई तुडविणारा गडी गेला. पायांखालची धूळ व कचरा रुईंत जात असे तो थांबला, हा लाभ खरा आणि मोठा. कांहीं ठिकाणीं दाबास दोन फिरत्या पेट्या असतात. एक भरत असतांना दुसरी आवळली जाते, त्यामुळें घाणाही धारेसारखा दिसतो. पण तो दिसतो एवढेंच. अनुक्रमांक गासडीगणिकच पडतो. आणि धार अखंड ठेवावयाची तर यंत्रापुढें कापूस सदैव तयार पाहिजे. म्हणून थांबण्याचें काम यंत्राकडून निघून दाराबाहेर गेलें. हंगामांत कापसाच्या बाजारपेठेंत गाड्यांची रांग लागते. त्या रांगेंत रात्र काढणारा शेतकरी यंत्राच्या वतीनें थांबलेला असतो. त्याच्या या थांबण्याची मजुरी कोणत्याही हिशेबांत धरलेली आमच्या पाहण्यांत नाहीं.

२०२० सालीं केंद्र सरकारनें भारतीय कापसास ‘कस्तुरी’ हें नांव दिलें. त्या योजनेंत गासडीवर संगणकानें वाचतां येणारी खूण असते आणि तिच्यावरून दूरच्या गिरणीस मालाचा माग काढतां येतो. १९२५ च्या अनुक्रमांकाचाच हा नवा अवतार. परंतु गासडी ही ढिगाच्या पलीकडची वस्तु आहे. ढिगाच्या अलीकडे, सेलूच्या शिवारांत ज्या बाईनें दंव ओसरेपर्यंत वाट पाहून एकेक बोंड कोरडें वेचलें, तिच्या ओटींतला कापूस शेजारच्या ओल्या कापसावर ओतला जातो, आणि दोन्हींवरून हवेचा नळ फिरतो.