चोई हाँग-ही
चोई हाँग-ही : (९ नोव्हेंबर १९१८–१५ जून २००२). कोरियन सेनाधिकारी व तायक्वांदो या युद्धक्रीडेचा एक प्रवर्तक. जन्म सांप्रतच्या उत्तर कोरियात. जपानमध्ये शिकत असता त्याने कराटे आत्मसात केले व पुढे दक्षिण कोरियाच्या सैन्यात सेनापती असताना सैनिकांना ती विद्या शिकविली. १९५५ मध्ये त्याने तिला ‘तायक्वांदो’ (पाय, मूठ व मार्ग) हे नाव सुचविले. प्राचीन कोरियन लाथयुद्धाशी त्याने तिचे नाते जोडले. तथापि तीवरील कराटेची छाप लपत नाही. १९६६ मध्ये सेऊल येथे त्याने आंतरराष्ट्रीय तायक्वांदो संघ स्थापिला. पार्क चुंग-हीच्या राजवटीशी बिनसल्याने १९७२ मध्ये तो कॅनडात गेला. १९८० मध्ये ही विद्या उत्तर कोरियात नेऊन त्याने दक्षिणेचा रोष ओढवून घेतला. ऑलिंपिकमध्ये २००० साली अधिकृत स्थान मिळाले, ते प्रतिस्पर्धी जागतिक संघाच्या पद्धतीस. प्याँगयांग येथे तो निधन पावला.