एका तासाचा अवधि

संततिनियमनाचा विषय निघाला कीं आपल्याकडे प्रथम कै. रघुनाथ धोंडो कर्वे यांचें नांव निघतें, आणि तें योग्यच आहे. 1921 सालीं त्यांनीं मुंबईंत सल्लाकेंद्र काढलें. त्यापायीं पुढें विल्सन कॉलेजांतील प्राध्यापकी सोडावी लागली. परंतु त्यांच्या दाराशीं येणारें माणूस आपण होऊन येत असे. सल्ला द्यावा कर्व्यांनीं, घ्यावा कीं न घ्यावा हें येणाऱ्यानें ठरवावें.

1952 सालीं हेंच कार्य सरकारनें हातीं घेतलें. हेतु चांगला होता, आणि आज कित्येक घरांतील स्वास्थ्य हें त्याचेंच फळ आहे. पण 1965 मध्यें लूप नांवाचें साधन आलें, पाठोपाठ राज्याराज्यांना संख्येचें उद्दिष्ट नेमून देण्यांत आलें, आणि सल्ल्याचें रूपच पालटलें. रक्तस्राव होईल, कंबर दुखेल, हें अगोदर सांगण्यास कोणास सवड नव्हती. बायकांनीं पाठ फिरविली, तेव्हां दोष दिला गेला त्यांच्या अडाणीपणाला!

आणीबाणींतील सक्ती सर्वांस ठाऊक आहे. 1976-77 या एका वर्षांत सुमारें 82 लाख शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील सुमारें 62 लाख पुरुषांच्या. मी तेव्हां शाळेंत होतों. आमचे मास्तर ‘केस’ मिळविण्यासाठीं वाड्यावस्त्या हिंडत, कारण पगार त्यावर अडलेला. 1977 च्या निवडणुकींत सरकार कोसळलें, आणि राज्यकर्त्यांनीं पुरुषाच्या वाटेस न जाण्याचा धडा तेवढा घेतला. भार सारा स्त्रीवर आला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत शंभर विवाहित स्त्रियांपैकीं सुमारें 38 जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांची शंभरांत एकाचीही भरत नाहीं.

स्त्रीवरील दाब दंडुक्याचा नसतो. बाळंतपणाच्या खाटेवर कळा सोशीत असतां ‘दोन झालीं ना, आतां उरकून टाक’ असें परिचारिका म्हणते. सासू मान हलविते. कागदावर अंगठा उमटतो. त्या बिचाऱ्या परिचारिकेलाही वर्षअखेर आंकडा भरून द्यावयाचा असतो. 1996 सालीं केंद्रानें उद्दिष्टें रद्द केलीं खरीं. ‘अपेक्षित कार्य’ या नव्या नांवानें आंकडा मात्र राहिलाच.

7 जानेवारी 2012 च्या रात्रीं बिहारमधील अररिया जिल्ह्यांत एका सरकारी शाळेंत, विजेरीच्या उजेडांत, मुलांच्या बांकांवर निजवून एकाच शल्यवैद्यानें दोन तासांत 53 स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या. माझा सारा जन्म बांकांपुढें उभें राहण्यांत गेला. पुढें त्याच बांकांवर मुलें बसलीं असतील काय, हा विचार कांहीं केल्या मनांतून जात नाहीं. त्या प्रकारावर देविका बिस्वास यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्याचा निकाल लागण्यापूर्वींच, नोव्हेंबर 2014 मध्यें, छत्तीसगडांत बिलासपूरजवळच्या शिबिरांत कांहीं तासांत 83 शस्त्रक्रिया झाल्या. दिवसाला 30 हून अधिक करूं नयेत असा नियम होता. त्यांतील 13 जणी दगावल्या.

14 सप्टेंबर 2016 रोजीं न्यायालयानें अशीं शिबिरें तीन वर्षांत बंद करण्यास सांगितलें. त्या निकालांतील एक बारीक तपशील मला फार मोलाचा वाटतो. शस्त्रक्रियेचे परिणाम स्त्रीला तिला कळेल अशा भाषेंत सांगावे, आणि मन बदललें तर मागें फिरतां यावें म्हणून तिला सुमारें तासाभराचा अवधि द्यावा, असें त्यांत म्हटलें आहे. 1952 पासून मोजलें तर हा तास मिळण्यास 64 वर्षें लागलीं.