वाटाड्याची मजुरी

कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने पाखरांवर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझा विषय पाखरे दाखवणारा माणूस हा आहे. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोले तालुका आहे. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांचा तो मुलूख. कळसूबाईची उंची १६४६ मीटर; महाराष्ट्रात तिच्याहून उंच जागा नाही. आज या डोंगरांत हौशी मंडळी शीळकरी कस्तुराची शीळ ऐकायला, शेकरू पाहायला आणि मृगाच्या सुमारास काजवे पाहायला जातात. त्यांच्या पुढे महादेव कोळी किंवा ठाकर समाजातला एखादा तरुण चालत असतो. हा धंदा कालपरवाचा आहे असा समज आहे. वस्तुतः वाट दाखवण्याचे काम तिथे फार जुने आहे, आणि त्याच्या मोबदल्याचा तंटाही तितकाच जुना आहे.

कोकणातून देशावर येणाऱ्या घाटवाटा राखण्याचे काम पूर्वी महादेव कोळ्यांकडे असे. गडांच्या शिबंदीतही ते असत. कोणत्या नाळेने माणूस चढतो, कोणत्या नाळेने फक्त वानर चढते, हे ठाऊक असणे हीच त्यांची नोकरी. १८१८ साली पेशवाई गेली आणि कंपनी सरकारने शिबंदीला व तिच्या वेतनांना कात्री लावली. त्या असंतोषातून १८२८ ते १८३० या काळात रामजी भांगरे यांचे बंड झाले. त्यांचे पुत्र राघोजी भांगरे पुढे सरकारविरुद्ध लढले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. या बंडांची पुष्कळ कारणे आहेत. पण वेतनकपात हे त्यांतले एक आहे, हे आमच्यासारख्यांना विसरता येत नाही.

आता मौज पाहा. कॅप्टन मॅकिन्टॉश या डोंगरांत बंडखोरांचा माग काढीत होता, त्याच सुमारास विल्यम सायक्स नावाचा दुसरा एक लष्करी अधिकारी दख्खनभर हिंडून पाखरे टिपीत होता. १८२४ ते १८३१ या काळात त्याच्याकडे दख्खनच्या सांख्यिकी पाहणीचे काम होते. त्याने केलेली सुमारे २३६ पक्ष्यांची यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तांतात छापली गेली. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर धुक्यात उमटणारे वर्तुळाकार इंद्रधनुष्य, ज्याला आज आपण इंद्रवज्र म्हणतो, त्याचे वर्णनही सायक्सने १८३५ साली प्रसिद्ध केले. माणूस विद्वान आणि कष्टाळू होता, यात वाद नाही.

परंतु अशा यादीमागे कोणाचे पाय असतात? रानकुत्र्याचे ‘कोळसून’ हे मराठी नाव सायक्सने आपल्या इंग्रजी लेखात तसेच घेतले. ते कोणीतरी बोट दाखवून सांगितल्याशिवाय त्याच्या कानी पडले नसणार. शब्द लंडनला पोचला. सांगणारा इथेच राहिला. आपल्या माळावर कलकलाट करणाऱ्या मोठ्या सातभाईला सायक्सने शास्त्रीय नाव दिले ते मुंबईचा गव्हर्नर माल्कम याचे. पाणथळीतल्या साध्या वंचकाला मिळाले ते लंडनच्या ग्रे नामक पंडिताचे.

पुढे १८७८ चा जंगल कायदा आला, आणि ज्याला रानाची प्रत्येक पायवाट ठाऊक तोच रानात परवानगीवाचून शिरणारा ठरला. साहेबाच्या शिकारीला हाका घालायला मात्र गाववालेच लागत. १९२६ साली प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. धरणाला गव्हर्नर विल्सनचे नाव लागले. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले. बंदूक गेली, दुर्बीण आली. पुढे चालणारा माणूस तोच राहिला.

त्याच्या कसबाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण नेमके तेच हिशेबात धरले जात नाही. शेकरू एकाच घरट्याने सुखी नसते. ते झाडाझाडांवर अनेक घरटी बांधते. त्यांतले राबते कोणते, हे घरट्यातल्या पाल्याच्या ताजेपणावरून ओळखावे लागते. वानराने खालच्या अंगाला पाहून खाकरल्यासारखा इशारा दिला, तर बिबट्या जवळ आहे हे वाटाड्याला कळते. शहरी पाहुण्याला वाटते वानर ओरडले. काजव्यांचे तसेच. घाटघर, साम्रद, रतनवाडी, पांजरे, मुरशेत या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर ते हजारोंनी लुकलुकतात. तो लुकलुकाट म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. त्यांच्या अळ्या ओल्या जमिनीत गोगलगायी खाऊन वाढतात, आणि पंख फुटल्यावर त्यांना मिळतात ते थोडे दिवस. अशा वेळी मोटारींचे दिवे झाडावर पडले की ती साद बुजते आणि झाडाखालची जमीन पायांनी तुडवली जाते. हे वाटाड्याला पाहुण्याआधी कळते. पण सहल मुंबई-पुण्यात विकलेली असते. किती माणसे आणायची हे तिथे ठरते. वाटाड्याने चाळीसांऐवजी दहाच माणसे नेतो म्हटले, तर पुढच्या खेपेला दुसरा वाटाड्या बोलावला जातो. माझ्या मते भांडण इथे आहे. नुसत्या रोजाच्या आकड्यापेक्षा, रानात किती माणसे न्यायची आणि केव्हा परत फिरायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या हाती हवा. गावांच्या समित्या आहेत, प्रवेशशुल्कही घेतले जाते. पण जिथे एकेकटा माणूस सौदा करतो तिथे तो हरतो.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने एव्हरेस्टकडे पाहावे. १९२२ च्या मोहिमेत हिमलोटाखाली सात शेर्पा हमाल मेले, आणि मोहीम साहेबांच्या नावाने ओळखली गेली. १९५३ साली तेनसिंगचे नाव हिलरीच्या बरोबरीने जगभर गेले. एप्रिल २०१४ मध्ये पुन्हा हिमलोट कोसळून सोळा नेपाळी कामगार गेले, तेव्हा शेर्पांनी एकजुटीने काम नाकारले. नेपाळच्या बाजूने एव्हरेस्टचा तो हंगाम बुडाला, आणि तुटपुंज्या विम्याची चर्चा जगाला करावी लागली.

अकोल्याचा वाटाड्या अजून त्या टप्प्यावर नाही. त्याचा हंगाम आखूड असतो. काजवे संपतात, पावसाळी गर्दी ओसरते, भाताची कापणी उरकते, आणि डोंगरातली पुष्कळ माणसे जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर जाऊन उभी राहतात. तिथे बागायतदाराची गाडी येते, टोमॅटो तोडायला माणसे मोजून घेतली जातात. शेकरूचे राबते घरटे ओळखणारा आणि न ओळखणारा, दोघांचा रोज सारखाच ठरतो.