संगणकीय दुर्बीण : मांडणी, जुळणी आणि पहिले आकाशदर्शन

साधी दुर्बीण आणि संगणकीय दुर्बीण यांच्या आरशात किंवा भिंगात फरक नसतो. फरक असतो तो त्यांना पेलणाऱ्या बैठकीत. संगणकीय दुर्बिणीच्या बैठकीत दोन मोटारी असतात. एक नळीला क्षितिजाला समांतर फिरवते, दुसरी वर-खाली करते. हातात मावणाऱ्या नियंत्रकाच्या स्मृतीत ताऱ्यांची, ग्रहांची, तेजोमेघांची स्थाने साठवलेली असतात. हव्या त्या ज्योतीचे नाव निवडून कळ दाबली की नळी स्वतः तिकडे वळते, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे सरकणाऱ्या त्या ज्योतीचा पाठलागही करते. हौशी निरीक्षकांच्या जगात ही सोय रुळली ती १९९२ मध्ये अमेरिकेतील मीड कंपनीने आणलेल्या एलएक्स-२०० या मालिकेपासून. आज सेलेस्ट्रॉन, स्कायवॉचर आदी कंपन्यांच्या लहान संगणकीय दुर्बिणी घरोघरी पोहोचू लागल्या आहेत.

मात्र यंत्र स्वयंचलित असले, तरी ते कोठे ठेवले आहे, किती वाजले आहेत आणि कोणता तारा कोणता, हे त्याला माणसानेच सांगावे लागते. ही माहिती चुकीची दिली, की दुर्बीण मोठ्या आत्मविश्वासाने रिकाम्या आकाशाकडे वळते. दोन-तीन रात्री असे घडले, की मुलांचा उत्साह मावळतो आणि महागडे यंत्र माळ्यावर जाते. दुर्बिणीसोबतची पुस्तिका बहुधा अमेरिका-युरोपातील वाचक समोर ठेवून लिहिलेली असते. बेळगाव, निपाणी किंवा गोव्याच्या अक्षांशावर तिच्यातील काही सूचना बदलून घ्याव्या लागतात. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या वसाहतीतील गच्ची गृहीत धरून ही प्रक्रिया पुढे क्रमाने दिली आहे.

जागेची निवड

उद्यमबाग ही खानापूर रस्त्यालगतची, फौंड्री आणि यंत्रभागांच्या कारखान्यांची वसाहत. शहराचा मुख्य उजेड तिच्या उत्तरेला व ईशान्येला पडतो. दक्षिणेचे आकाश त्या मानाने मोकळे असते. कारखान्यांच्या आवारातील प्रखर दिवे थेट डोळ्यांवर येणार नाहीत, असा गच्चीचा कोपरा निवडावा. पाण्याच्या टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची भिंत आडोशाला उपयोगी पडते.

दुसरा प्रश्न कंपनांचा. जवळ प्रेस किंवा हॅमर चालू असेल, अथवा रस्त्यावरून अवजड ट्रक जात असतील, तर स्लॅब सूक्ष्मपणे थरथरतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण ७० पट वर्धनाखाली तारा नाचू लागतो. अशा वेळी गच्चीपेक्षा अंगणातील जमीन बरी. शिवाय दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्या वर चढणाऱ्या हवेमुळे ग्रहांची प्रतिमा लहरते. उन्हाळ्यात गच्चीवर निरीक्षण करायचे, तर रात्री दहानंतरची वेळ अधिक चांगली.

दिवसा उरकायची कामे

पहिल्या रात्री अंधारात खोके उघडणे ही सर्वांत सामान्य चूक. तिपाई उभी करणे, नळी बसवणे आणि शोधकाची जुळणी ही तीन कामे दिवसाउजेडीच करावीत.

तिपाईचे पाय फार न ताणता ती ठेवावी आणि वरचा भाग समतल करावा. बैठकीत पाण्याचा बुडबुडा असतो. नसल्यास गवंड्यांची पाणसळ चालते. शोधक म्हणजे मुख्य नळीवर बसवलेली लहान दुर्बीण किंवा लाल ठिपका दाखवणारी काच. मुख्य नळीत कमी वर्धनाची नेत्रिका लावून किमान अर्धा किलोमीटर दूरची एखादी स्थिर वस्तू मध्यभागी आणावी. कारखान्याचे धुराडे, मोबाइलचा मनोरा किंवा उंच टाकीचा कठडा या कामाला उत्तम. मग शोधकाचे स्क्रू फिरवून त्याचा ठिपकाही नेमका त्याच टोकावर आणावा. हे एकदा नीट झाले, की रात्रीचे निम्मे काम झाले.

हे करताना सूर्य नळीच्या आसपासही येता कामा नये. सूर्याच्या बाजूला पाठ करूनच सराव करावा.

वीज आणि थंडावा

या दुर्बिणींना बहुतेक १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. लहान पेन्सिल सेलवर मोटारी चालतात, परंतु सेल उतरू लागले की नियंत्रक मध्येच बंद पडतो किंवा नळी भरकटते, आणि दोष यंत्रात आहे असे वाटते. १२ व्होल्टची पुनर्भारित बॅटरी घेणे शहाणपणाचे. जोडण्यापूर्वी पिनचे धन व ऋण टोक पुस्तिकेशी ताडून पाहावे. उलटी जोडणी यंत्राला घातक ठरू शकते.

दुर्बीण निरीक्षणापूर्वी अर्धा तास बाहेर ठेवावी. घरातील उबदार आरसा बाहेरच्या हवेच्या तापमानाला येईपर्यंत प्रतिमा स्थिर होत नाही.

स्थळ आणि काळ

नियंत्रक सुरू होताच तो स्थळ व वेळ विचारतो. शहरांच्या यादीत आपले गाव न सापडल्यास अक्षांश-रेखांश स्वतः भरावेत. बेळगावसाठी १५ अंश ५१ कला उत्तर आणि ७४ अंश ३० कला पूर्व. निपाणीसाठी १६ अंश २४ कला उत्तर आणि ७४ अंश २३ कला पूर्व. पणजीसाठी १५ अंश ३० कला उत्तर आणि ७३ अंश ५० कला पूर्व. अंकांत अतिसूक्ष्म अचूकता लागत नाही. उद्यमबाग, टिळकवाडी व शहापूर यांना एकच आकडा पुरतो. पण खालील चार गोष्टी काटेकोर तपासाव्यात.

पहिली, अंश-कला आणि दशांश यांची गल्लत. भ्रमणध्वनी १५.८५ असे दशांशात दाखवतो; त्याचा अर्थ १५ अंश ५१ कला, १५ अंश ८५ कला नव्हे. दुसरी, रेखांशापुढील दिशा. अमेरिकी यंत्रांत ती आधीपासून 'पश्चिम' असू शकते. ती 'पूर्व' करावी. तिसरी, तारखेचा क्रम. सेलेस्ट्रॉनचे नियंत्रक आधी महिना आणि मग दिवस मागतात. म्हणून ५ फेब्रुवारी हा ०२-०५ असा भरावा लागतो. चौथी, कालविभाग. भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे आणि आपल्याकडे उन्हाळी वेळ नाही. त्यामुळे 'डेलाइट सेव्हिंग' बंद, म्हणजे 'स्टँडर्ड' ठेवावे.

वेळेचे महत्त्व साध्या गणिताने कळते. आकाश तासाला १५ अंश फिरते. साडेपाचऐवजी पाच तास भरले, तर यंत्राचे आकाश साडेसात अंशांनी सरकते. म्हणजे पौर्णिमेचे १५ चंद्र शेजारी-शेजारी ठेवावेत एवढ्या अंतराने.

ताऱ्यांची जुळणी

यानंतर यंत्राला आकाशाची ओळख करून द्यायची. बहुतेक नियंत्रकांत दोन पद्धती असतात. एकीत दोन ताऱ्यांची नावे निवडून त्यांच्यावर नळी रोखावी लागते. दुसरीत कोणत्याही तीन तेजस्वी ज्योती मध्यभागी आणल्या की यंत्र त्यांच्यातील कोनांवरून त्या स्वतः ओळखते. नवख्याला दुसरी सोपी. पण दोन तारे ओळखता येऊ लागले, की पहिली अधिक भरवशाची.

अडचण येते ती नावांची. मराठी घरात नक्षत्रांची नावे पंचांगामुळे ओळखीची असतात, नियंत्रकावर मात्र अरबी-ग्रीक नावे दिसतात. म्हणून ही यादी कागदावर उतरवून दुर्बिणीजवळ ठेवावी : व्याध म्हणजे सिरिअस, अगस्त्य म्हणजे कॅनोपस, ब्रह्महृदय म्हणजे कॅपेला, रोहिणी म्हणजे अल्डेबरान, प्रश्वन म्हणजे प्रोसियन, मघा म्हणजे रेग्युलस, चित्रा म्हणजे स्पायका, स्वाती म्हणजे आर्क्टुरस, ज्येष्ठा म्हणजे अँटारिस, अभिजित म्हणजे व्हेगा आणि श्रवण म्हणजे अल्टेअर.

निवडलेले तारे एकमेकांपासून दूर असावेत, पण क्षितिजाला फार टेकलेले किंवा थेट डोक्यावर नसावेत. जानेवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास आग्नेयेला व्याध आणि ईशान्येला ब्रह्महृदय ही जोडी उत्तम. एप्रिलच्या मध्यास त्याच वेळी पूर्वेला स्वाती आणि पश्चिमेकडे झुकलेला व्याध घ्यावा.

तारा आधी शोधकात, मग नेत्रिकेत आणावा. तो नेमका मध्यावर आहे की नाही हे कळत नसेल, तर प्रतिमा मुद्दाम अस्पष्ट करावी. ताऱ्याची मोठी चकती होते आणि तिचा मध्य साधणे सोपे जाते. सेलेस्ट्रॉनच्या यंत्रात शेवटची हालचाल वरच्या आणि उजव्या बाणाच्या कळेनेच करावी. दात्यांमधील ढिलाई त्यामुळे एकाच बाजूला राहते. लेथवर काम करणाऱ्या उद्यमबागेतील कारागिराला ही 'बॅकलॅश'ची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

ध्रुवाचा आग्रह नको

अनेक पुस्तिका ध्रुवताऱ्यापासून सुरुवात करायला सांगतात. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाएवढी असते. लंडनला तो ५१ अंशांवर दिसतो. बेळगावला जेमतेम १६ अंशांवर, तोही उद्यमबागेतून पाहिल्यास शहराच्या उजेडात. समोरच्या इमारतीआड तो सहज लपतो. त्यामुळे येथील नवख्याने ध्रुवावर रोखाव्या लागणाऱ्या विषुववृत्तीय बैठकीपेक्षा वर-खाली आणि आडवी फिरणारी साधी बैठक निवडावी. तिला ध्रुवाची गरज नसते.

उत्तरेकडचे हे नुकसान दक्षिणेकडे भरून निघते. अगस्त्य येथे हिवाळ्यात चांगला वर येतो. एप्रिलच्या अखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी हा आकाशातील सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ दक्षिणेला सुमारे २७ अंशांवर असतो. दिल्लीहून तो याच्या निम्म्याच उंचीवर दिसतो, आणि लंडनहून कधीच दिसत नाही.

काय पाहावे, किती अपेक्षा ठेवावी

खोक्यावर चार हजारांहून अधिक ज्योतींचा उल्लेख असतो. १३० मिलिमीटर व्यासाच्या आरशातून शहरी उजेडात त्यांपैकी बहुसंख्य दिसणार नाहीत. यंत्र योग्य जागी वळते, पण दिसत काहीच नाही. अशा वेळी जुळणी चुकली असे समजू नये. खात्रीसाठी जवळच्या एखाद्या तेजस्वी ताऱ्याचे नाव देऊन पाहावे. तो मध्यावर आला, तर यंत्र बरोबर आहे.

आरंभ चंद्रापासून करावा, तोही पौर्णिमेला नव्हे तर अष्टमीच्या आसपास. प्रकाश आणि सावलीच्या सीमेवर विवरांची खोली तेव्हाच उठून दिसते. त्यानंतर गुरू आणि त्याचे चार मोठे चंद्र. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले हे चंद्र दोन रात्री लागोपाठ पाहिले, तर त्यांची बदललेली जागा लक्षात येते. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये पृथ्वीच्या दृष्टीने कडेने समोर आली होती. त्यानंतरची काही वर्षे ती क्रमाने उघडत जाताना दिसतील.

हिवाळ्यात मृगातील तेजोमेघ आणि कृत्तिका, पावसाळ्यानंतर देवयानीतील दीर्घिका, उन्हाळ्यात शौरीतील एम-१३ हा तारकागुच्छ, ही पहिल्या वर्षाची यादी पुरेशी आहे. छायाचित्रांतील लाल-निळे रंग डोळ्याला दिसत नाहीत. तेजोमेघ राखाडी धुक्यासारखाच दिसतो. पण देवयानीचा तो धूसर ठिपका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला प्रकाश आहे, हे ठाऊक असले की पाहणाऱ्याची नजर त्यावर टिकते.

वर्धन काढण्याचे सूत्र सोपे आहे : आरशाचे नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचे नाभीय अंतर. ६५० मिलिमीटरच्या दुर्बिणीत २५ मिलिमीटरची नेत्रिका २६ पट, तर ९ मिलिमीटरची ७२ पट वर्धन देते. शोध नेहमी कमी वर्धनाने घ्यावा. ग्रह सापडल्यावरच नेत्रिका बदलावी. अधिक अंधार हवा असल्यास जांबोटी-कणकुंबीकडील गावे जवळ आहेत. तेथे ओळखीच्या घराचे अंगण किंवा शेत निवडावे. वनहद्दीत रात्री थांबू नये.

सूर्याविषयी सक्त इशारा

गाळणीविना दुर्बिणीतून सूर्य पाहिल्यास क्षणार्धात दृष्टी कायमची जाऊ शकते. सूर्यगाळणी नळीच्या पुढच्या तोंडावरच बसवायची असते. नेत्रिकेला लावायच्या गाळण्या उष्णतेने तडकतात. शोधक झाकून ठेवावा. संगणकीय दुर्बिणीचा आणखी एक धोका आहे : दिवसा एका वस्तूकडून दुसरीकडे वळताना नळी आपोआप सूर्यावरून जाऊ शकते. म्हणून दिवसा ती मुलांच्या हाती एकटी सोडू नये. २ ऑगस्ट २०२७ रोजी पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहणाचा योग आहे. ते पावसाळ्याचे दिवस असले, तरी ढगांच्या फटीतून सूर्य दिसेल या आशेने अनेक दुर्बिणी बाहेर निघतील. गाळणीची तयारी आधीच करावी आणि तिच्यावर एकही ओरखडा किंवा छिद्र नाही हे प्रत्येक वेळी पाहावे.

पावसाळा आणि देखभाल

जून ते सप्टेंबर हा दुर्बिणीच्या विश्रांतीचा काळ. बेळगावच्या झडीत आणि गोव्याच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. नळी दोन्ही बाजूंनी झाकून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद ठेवावी. पुड्या ओलावल्या की बदलाव्यात. सेल काढून ठेवावेत. आरशावर थोडी धूळ बसली तरी प्रतिमेत फरक पडत नाही. तो पुसण्याच्या प्रयत्नात पडलेले ओरखडे मात्र कायमचे राहतात.

पहिल्या जुळणीसाठी जाणत्याचा हात मिळाला तर उत्तम. पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी ही संस्था आहे. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईत खगोल मंडळ या संस्थांनी मराठीतून आकाशदर्शनाची परंपरा घडवली आहे. दुर्बीण विकत घेण्याआधी अशा ठिकाणी एकदा शनी किंवा चंद्र पाहून यावे. केवढ्या आरशातून नेमके काय दिसते, याचा अंदाज तेथे येतो, आणि खरेदीचा निर्णय त्यावरून करता येतो.