कॉन्सेन्टुस मूझिकुस वीन

कॉन्सेन्टुस मूझिकुस वीन हा ऑस्ट्रियातील व्हियेना येथील वाद्यवृंद आहे. संगीतरचना ज्या काळातील असेल त्या काळातील मूळ वाद्यांवर किंवा त्यांच्या प्रतिकृतींवर ती सादर करणाऱ्या आद्य वाद्यवृंदांत त्याची गणना होते. योहान सेबास्टियन बाख, मोझार्ट व हायडन यांच्या समूहगान आणि वाद्यवृंद रचनांच्या ध्वनिमुद्रणांसाठी तो प्रसिद्ध आहे.

स्थापना

व्हियेना सिम्फनी वाद्यवृंदातील चेलोवादक निकोलाउस हार्नोनकुर्ट (१९२९–२०१६) आणि त्यांच्या पत्नी, व्हायोलिनवादक ॲलिस हार्नोनकुर्ट यांनी १९५३ साली काही सहकाऱ्यांसह हा वृंद स्थापन केला. जुनी वाद्ये मिळवणे, ती वाजवण्याची विस्मृतीत गेलेली पद्धत शिकणे आणि एकत्र सराव करणे यांत चार वर्षे गेली. पहिली जाहीर मैफल १९५७ मध्ये झाली. ॲलिस १९८५ पर्यंत वृंदाच्या प्रमुख व्हायोलिनवादक होत्या.

वाद्ये

व्हायोलिन व चेलो यांना धातूऐवजी प्राण्यांच्या आतड्यापासून बनवलेल्या तारा असतात व गज जुन्या बनावटीचे असतात. बासरी लाकडी असते, तर ट्रम्पेटला झडपा नसतात. या वाद्यांचा आवाज आधुनिक वाद्यांपेक्षा मृदू असल्याने रचनेतील निरनिराळ्या स्वरधारा आणि गायकांचे शब्द स्पष्ट ऐकू येतात.

ध्वनिमुद्रणे

१९७१ ते १९८९ या काळात हार्नोनकुर्ट आणि नेदरलँड्सचे गुस्टाफ लेओनहार्ट यांनी आपापल्या वृंदांसह बाखच्या सुमारे २०० धार्मिक कँटाटांचे ध्वनिमुद्रण पूर्ण केले. बाखच्या काळी लाइपझिगच्या चर्चमध्ये स्त्रिया गात नसत. म्हणून स्त्रीस्वराचे भाग बहुतांशी मुलांकडून गाऊन घेण्यात आले. या प्रकल्पाचे कौतुक झाले, तसेच मुलांच्या एकल गायनातील असमानतेवर टीकाही झाली. दोघा संचालकांना १९८० चा इरॅस्मस पुरस्कार विभागून देण्यात आला.

भूमिकेतील बदल

जुनी वाद्ये हे साधन आहे, साध्य नव्हे, अशी हार्नोनकुर्ट यांची भूमिका होती. संगीत ही एक प्रकारची वाणी असून तिचे आघात, विराम व आशय श्रोत्यापर्यंत पोहोचले पाहिजेत, असे ते मानत. बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ची वृंदाने केलेली दोन ध्वनिमुद्रणे या दृष्टीने तुलनीय आहेत. १९७० च्या ध्वनिमुद्रणात सर्व गायक मुले व पुरुष होते. २००१ साली प्रकाशित झालेल्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणात मात्र जुनी वाद्ये कायम ठेवून स्त्री एकलगायिका आणि आर्नोल्ड शोनबेर्ग गायकवृंद यांना घेण्यात आले. त्याला २००२ मध्ये सर्वोत्कृष्ट समूहगानाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

उत्तरकाळ

हार्नोनकुर्ट डिसेंबर २०१५ मध्ये निवृत्त झाले आणि ५ मार्च २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. बेथोव्हेनच्या चौथ्या व पाचव्या सिम्फनींचे त्यांचे ध्वनिमुद्रण २०१६ मध्ये प्रकाशित झाले. त्यानंतर वृंदाचे संचालन श्टेफान गोटफ्रीड यांच्याकडे आले.