गजकर्ण आणि मावशीची वांगी

मावशीला गजकर्ण झालं तेव्हा आजीचं निदान एकच, "रक्त बिघडलंय!" वांगी बंद, कडुनिंबाचा रस सुरू. वर तिचा टॉवेल मात्र सगळ्यांचा एकच. मग हळूहळू घरभर खाज...

इंग्रजांची समजूतही काही वेगळी नव्हती. त्यांनी तर नावातच किडा घातला, रिंगवर्म. प्रत्यक्षात हा किडाही नाही आणि बिघडलेलं रक्तही नाही. ही कातडीवरची बुरशी. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रूबी या डॉक्टरने १८४१ मध्ये डोक्यावरच्या अशाच एका रोगाच्या खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, त्यात बुरशी सापडली. दोन वर्षांनी मुलांच्या डोक्यावरच्या गजकर्णातही त्याने ती दाखवली. कॉखने अँथ्रॅक्सचा जंतू सिद्ध केला तो १८७६ मध्ये! पण ग्रूबीचं काम मागे पडलं. १८९० च्या दशकात साबुरोने ते पुन्हा उभं केलं. पोटात घ्यायचं खात्रीचं औषध, ग्रिसिओफल्विन, यायला मात्र १९५८ उजाडलं.

आजीला हसायचा मला हक्क नाही. गेल्या वर्षी मीही दुकानातून ट्यूब आणून लावली. चार दिवसांत खाज थांबली, म्हटलं बरं झालं. महिन्याभरात चट्टे दुप्पट! त्या मलमात स्टिरॉइड होतं. खाज दबली, बुरशी पसरली, असं डॉक्टरांनी सांगितलं.

परवा फोनवर मावशीला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "मग माझी वांगी गेली ती गेलीच ना रे!"