सिंगापूर (मिशिगन)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिशिगन राज्यात, कॅलमाझू नदीच्या मुखाशी वसलेले व पुढे वाळूखाली लुप्त झालेले लहानसे गाव. शिकागो-मिलवॉकीच्या तोडीचे बंदर उभारण्याच्या आकांक्षेने न्यूयॉर्कच्या जमीन-सट्टेवाल्यांनी १८३० च्या दशकात ते वसविले. तीन लाकूडगिरण्या, दोन हॉटेले आणि स्वतःच्या नोटा काढणारी पेढी यांमुळे ते शेजारच्या सॉगटकहूनही अधिक भरभराटले. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागो, हॉलंड इत्यादी नगरे अग्निप्रलयात होरपळल्यावर, त्यांच्या पुनर्बांधणीसाठी लाकडाची मागणी अतोनात वाढून भोवतालचे अरण्य निःशेष झाले. वृक्षांचा आडोसा नाहीसा होताच मिशिगन सरोवरावरील वाऱ्याने वाळूच्या टेकड्या वस्तीवर लोटल्या. १८७५ च्या सुमारास गिरण्यांचा कारभार आटोपला आणि बहुतेक रहिवासी सॉगटकला स्थायिक झाले; काही इमारतीही तेथेच हलविण्यात आल्या. सॉगटक येथील स्मृतिफलकावर गावाचा इतिहास नमूद आहे.